थायरॉईडची गोळी चालू आहे, पण बरं वाटतंय का? ते मोजायचं कसं

"कसं वाटतंय?"
"ठीक आहे."

दवाखान्यातलं बोलणं इथं संपतं आणि डॉक्टर रिपोर्टकडे वळतात. टीएसएच ३.२ असेल तर "नॉर्मल आहे, हीच गोळी चालू ठेवा" एवढं ऐकून आपण बाहेर. रिक्षात बसल्यावर आठवतं, की दुपारी दोननंतर डोळे उघडे राहत नाहीत हे सांगायचं राहूनच गेलं. पुढची तारीख दोन महिन्यांनी. तोवर ते दुखणं थोडं बदललेलं असतं, आणि आधी कसं होतं ते नेमकं आठवत नाही.

टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला धाडलेला निरोप. थायरॉईडचं काम कमी पडलं की तो वाढतो. तो मोजायला मशीन आहे. थकवा, विसराळूपणा, सुजलेले डोळे, कामातून उडालेलं मन मोजायला मशीन नाही, पण वही आहे. दोन्ही मोजायचं, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला कळू न देता मोजायचं. हा लेख त्या वहीबद्दल आहे.

ज्यांची थायरॉईड कमी काम करते आणि लेव्होथायरॉक्सिनची गोळी चालू आहे किंवा चालू होणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. ("मला थायरॉईड आहे" असं सगळेच म्हणतात. थायरॉईड प्रत्येकाला असते, गळ्यात, फुलपाखरासारखी. आपल्याकडे तिचं काम कमी पडलंय, एवढंच.) एक गोष्ट पक्की ठेवा: वहीवरून गोळीचा डोस स्वतः कमी-जास्त करायचा नाही. वही डॉक्टरांशी नेमकं बोलण्यासाठी आहे.

## आधी हे जवळ ठेवा

- चौकटीची वही, गणिताची असते ती. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण फोन बदलला की नोंदी जाऊ शकतात, आणि डॉक्टरांना दाखवताना स्क्रीन सरकवत बसावं लागतं.
- सेकंदकाटा असलेलं घड्याळ.
- वजनकाटा. घरी नसेल तर एकच दुकान ठरवा आणि दर वेळी तिथलाच काटा वापरा.
- गोळीची बाटली, रिकामी झाली तरी. डोस, कंपनी आणि बॅच तिच्यावर असते.
- आजवरचे सगळे टीएसएच आणि टी-४ (थायरॉईडचं हार्मोन) रिपोर्ट तारखेनुसार लावून. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफची प्रिंट काढा.
- डॉक्टरांची चिठ्ठी किंवा सिव्हिलचा केस पेपर.
- चालू असलेल्या बाकी सगळ्या गोळ्यांची यादी. लोहाची, कॅल्शियमची, ॲसिडिटीची, केसांसाठीची, बीपीची. "ती काही औषध नाही, नुसतं व्हिटॅमिन आहे" असं म्हणून काहीही वगळू नका. ते का, हे पायरी ५ आणि ६ मध्ये येईल.

## १. आपलं दुखणं आपल्याच शब्दांत

इंटरनेटवरून पन्नास लक्षणांची यादी उतरवून घेऊ नका. वाचता वाचता त्यातली निम्मी आपल्याला आहेत असं वाटायला लागतं. कोऱ्या पानावर लिहा: या आजारामुळे माझं काय काय बिघडलंय? त्यातली सहा निवडा, फार तर आठ. त्यापेक्षा जास्त रकाने आखले की चौथ्या दिवशी वही बंद पडते.

बहुतेकांच्या यादीत थकवा, झोप, बद्धकोष्ठ, डोक्यावर आलेलं मळभ, उदास मन, अंगदुखी, हाताला मुंग्या यांतलं काहीतरी असतंच. निवडताना पुस्तकी शब्द टाळा. सोलापुरात घरात एक भाषा, कामावर दुसरी आणि दवाखान्यात तिसरी हे नेहमीचंच आहे. आईची वही तुम्ही भरत असाल आणि तिची बोलायची भाषा तेलुगू असेल, तर तिला 'नीरसम' विचारा. कन्नड असेल तर 'सुस्तू' विचारा. आज 'थकवा', उद्या 'अशक्तपणा', परवा 'कंटाळा' असं बदलत विचारलं, तर उत्तरं तीन वेगळ्या गोष्टींची येतात आणि आकडे एका रकान्यात बसतात. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर एकदाच लिहा आणि रोज तोच वाचून दाखवा.

थंडीचं लक्षण इथं फसवतं. "थंडी सोसत नाही का?" हा प्रश्न थंड देशातल्या माणसाला सरळ कळतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार असताना सोलापुरात त्याला काय उत्तर देणार? सगळ्यांचंच "नाही" येणार. म्हणून प्रश्न इथल्या घराला जुळवून घ्या: "बाकीचे पंखा वाढव म्हणत असताना मला तो कमी करावासा वाटला का? पहाटे सगळे उघडे झोपलेले असताना मी चादर ओढली का?" घाम कमी येणं हेही या आजाराचं जुनं, ओळखीचं लक्षण. उन्हाळ्यात ते चांगलं कळतं आणि जानेवारीत अजिबात कळत नाही.

## २. शून्य ते दहा, पण खुंट्या मारून

प्रत्येक लक्षणाला ० ते १० आकडा द्यायचा. ० म्हणजे त्रास नाही, १० म्हणजे सर्वांत वाईट. इथवर सगळे येतात. पण माझा ७ आज जेवढा आहे तेवढाच महिन्याभराने असेल याची हमी काय? त्यासाठी आकड्यांना कामाच्या खुंट्या मारायच्या. थकव्याच्या खुंट्या अशा लिहिता येतील:

- ० : रात्रीचं सगळं आवरून शतपावलीला जावंसं वाटतं.
- ३ : कामं होतात, पण मध्ये दोनदा टेकावं लागतं.
- ५ : दुपारी आडवं झाल्याशिवाय चालत नाही.
- ७ : संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्यावर टाकावा लागतो किंवा दुकान लवकर बंद करावं लागतं.
- १० : अंथरुणातून उठून चूळ भरायचंही जिवावर येतं.

मधले आकडे अंदाजाने. खुंट्या तुमच्याच दिवसातल्या हव्यात. पॉवरलूमवर काम करणाऱ्याची ७ ची खुंटी "पाळी संपायच्या आत दोन तास बसून काढले" अशी असेल, शिक्षिकेची "शेवटच्या तासाला खुर्चीवरून शिकवलं" अशी. लक्षण कुठलंही असो, जिथं कुणीतरी काहीतरी करतंय किंवा करायचं सोडतंय अशी खुंटी घ्या. "खूप थकवा" ही खुंटी नव्हे.

## ३. ज्याला आकडा आधीच आहे ते

काही गोष्टींना अंदाजाची गरज नाही.

नाडी. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसून, चहाच्या आधी. मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, की एक ठोका चुकला तरी चारचा फरक पडतो. बीपीची काही औषधं नाडी मंद करतात. ती चालू असतील तर पानाच्या कोपऱ्यात तसं लिहून ठेवा.

वजन. आठवड्यातून एकदाच. सकाळी, शौचाहून आल्यावर, त्याच कपड्यांत. रोज वजन करणारा माणूस मिठाचं आणि पाण्याचं वजन मोजत असतो. थायरॉईड कमी झाल्यामुळे वाढणारं वजन साधारण अडीच ते साडेचार किलो असतं आणि त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या मीठ-पाण्याचा. पंधरा किलो वाढले असतील तर सगळ्याचं खापर या ग्रंथीवर फोडता येत नाही, आणि गोळीने ते पंधरा उतरतील अशी आशाही धरता येत नाही. हे आधीच कळलेलं बरं.

शौच. "साफ होत नाही" असं लिहू नका. आठवड्यातल्या किती दिवशी झालं आणि त्यातल्या किती दिवशी खडे किंवा गाठी होत्या, हे दोन आकडे लिहा.

पाळी. सुरू झाल्याची तारीख, किती दिवस, जास्त जाण्याच्या दिवशी किती पॅड. पाळीच्या आधीच्या आठवड्यात थकवा आणि मन दोन्ही तसंही खाली असतं, म्हणून वहीतला प्रत्येक दिवस पाळीचा कितवा आहे ते शेजारी बारीक लिहा. पाळी नेमाने २८ दिवसांनी येत असेल तर आठ आठवडे म्हणजे बरोबर दोन चक्रं. तपासणी आठ आठवड्यांनी ठेवली की दोन्ही वेळचे दिवस आपोआप जुळतात.

काम. जगणं किती सोपं किंवा अवघड झालंय ते इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं. घरी विड्या वळणाऱ्या बाईला "जीवनाचा दर्जा" विचारून काही हाती लागत नाही. शंभर विड्या वळायला किती मिनिटं लागली ते मात्र ती बिनचूक सांगते. दिवसभरात किती वळल्या हा आकडा घेऊ नका, कारण तो पानावर, तंबाखूवर आणि घरी आलेल्या पाहुण्यांवर अवलंबून असतो. शंभराला लागलेला वेळ घ्या, दर बुधवारी, सकाळच्या पहिल्या शंभराचा. थायरॉईड कमी असताना मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येणं बरंच आढळतं, त्यामुळे हा एकच आकडा हात, डोकं आणि दम तिन्हींबद्दल सांगतो. दुकानदाराने गल्ल्याचा हिशोब किती वेळा पुन्हा करावा लागला ते मोजावं. विद्यार्थ्याने एक पान कळेपर्यंत किती वेळा वाचलं ते. घर सांभाळणाऱ्यांनी दुसऱ्या मजल्यावर न थांबता जाता आलं का ते लिहावं.

केस मोजू नका. कंगव्यातले केस मोजत बसलं की माणूस वेडा होतो आणि उपयोग शून्य. केसांचं चक्र महिन्यांचं असतं, डोस बदलल्याचा परिणाम तिथं सहा आठवड्यांत दिसत नाही. तीन महिन्यांतून एकदा, त्याच उजेडात, त्याच जागेवरून भांगाचा एक फोटो काढा. तेवढं पुरे.

## ४. पहिले चौदा दिवस: पाया

डोस बदलण्याआधी, किंवा गोळी नुकतीच लागली असेल तर अगदी सुरुवातीला, सलग १४ दिवस रोज रात्री वही भरा. वेळ एकच. जेवण झाल्यावर, टीव्ही लावायच्या आधी. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर रकाने जास्त झालेत.

कालचं पान झाकून आजचं भरा. ही सूचना बहुतेक जण मोडतात. कालचा ६ दिसला की हात आपोआप ६ किंवा ५ लिहितो. आणि दोन दिवस राहून गेले तर ते आठवून भरू नका, रिकामे सोडा. आठवणीला सगळ्यात वाईट दिवस आणि सगळ्यात अलीकडचा दिवस एवढेच दिसतात.

पाया घालायला साधे दिवस निवडा. संक्रांतीच्या गड्डा यात्रेतली जागरणं, आषाढीला घरी उतरलेले वारकरी, घरातलं लग्न, हे पंधरवडे टाळा. नळाला पाणी येतं त्या दिवशी घागरी-ड्रम भरण्यात जीव जातो आणि झोपही मोडते. तो दिवस टाळता येत नाही, म्हणून तारखेसमोर 'पा' लिहा. पुढे आकडे वाचताना हा 'पा' बरंच काही उलगडतो.

नमुन्यादाखल थकव्याचा एक रकाना पाहा.

पहिला आठवडा: ६, ७, ७, ५, ८, ६, ७. बेरीज ४६.
दुसरा आठवडा: ६, ७, ८, ६, ५, ७, ७. बेरीज ४६.

औषधात काहीही बदल नसताना आकडा ५ ते ८ असा हेलकावे खातोय. हे हेलकावे माहीत नसतील तर नवा डोस सुरू झाल्यावर आलेला पहिला ५ पाहून "गोळी लागू पडली" असं वाटतं. पण ५ तर आधीही दोनदा आला होता. आठवड्याची बेरीज मात्र जागची हललेली नाही. म्हणून ताडायची ती ७० पैकीची बेरीज, एखादा दिवस नव्हे. तुमच्या दोन आठवड्यांच्या बेरजा ४१ आणि ४७ आल्या तर सहाचा फरक हा तुमचा नेहमीचा हेलकावा, हे पानाच्या तळाशी लिहून ठेवा.

## ५. गोळीचा रकाना

सगळ्या वहीत हा रकाना सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. गोळी घेतली की भिंतीवरच्या कालनिर्णयवर टिक. चुकली तर फुली. महिन्याला चार फुल्या असतील तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना त्या चार फुल्या दाखवा.

टिकेशेजारी घेतल्याची वेळ आणि पहिला चहा किंवा नाश्ता यांच्यातली मिनिटं लिहा. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. चहासुद्धा नाही. "घोटभर चहाने काय होतंय" या घोटभर चहानेच कित्येकांचा टीएसएच वरखाली होत असतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवा. दोन्ही एकाच वेळी पोटात गेल्या तर थायरॉईडची गोळी त्यांना चिकटते आणि रक्तात पोचत नाही. सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी. उपवास आणि रोजाच्या महिन्यात वेळ बदलणार असेल तर तेही आधी विचारून घ्या.

रात्रपाळीवाल्यांचा गोंधळ वेगळा. दर आठवड्याला पाळी बदलते, मग सकाळ कुठली धरायची? घड्याळ सोडा, "झोपून उठल्यावर पहिली गोष्ट" हा नेम धरा आणि वेळ लिहा.

आता उन्हाळा. या गोळीला उष्णता, उजेड आणि ओल तिन्हींचा त्रास होतो. बाटलीवर किती तापमानापर्यंत ठेवा ते छापलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याच्या घरातली वरची फळी त्याच्या कितीतरी वर जाते, आणि गाडीच्या डिकीबद्दल तर बोलायलाच नको. घरातली सगळ्यात थंड पण कोरडी जागा शोधा: खालच्या मजल्यावरचं कपाट, धान्याच्या डब्यामागचा कोनाडा. माठाशेजारी नको, तिथं ओल असते. गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या, प्लास्टिकच्या पुडीत काढू नका. आणि एकदम सहा महिन्यांचा साठा उन्हाळ्याच्या तोंडावर घेऊ नका.

कंपनी बदलली तर तारीख लिहा. दुकानदाराने "तीच आहे, नाव वेगळं" म्हणून दिली तरी लिहा.

## ६. रक्त देताना

या औषधाचा रक्तातला अर्धा साठा जायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलला की नव्या पातळीवर स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची ती यामुळे. तीन आठवड्यांनी "बघू तरी काय आलंय" म्हणून केलेल्या तपासणीत पैसे जातात आणि अर्धवट आकडा हाती येतो.

लॅब तीच ठेवा. वेळ तीच ठेवा, शक्यतो सकाळी. टीएसएच रात्री आणि पहाटे वर असतो, दुपारी खाली येतो. एकदा सकाळी आठला आणि एकदा दुपारी तीनला रक्त दिलं, तर काही न बदलता आकडा बदलतो. रात्रपाळीच्या आठवड्यात देऊ नका, जागरणानेही तो चढतो. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या, कारण गोळी घेतल्यावर काही तास टी-४ वर गेलेला असतो.

आणि आता केसांच्या गोळ्या. केस, नखं, त्वचा यांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, बऱ्याचदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. रक्त तपासण्याच्या पुष्कळ मशिनांची पद्धत बायोटिनच्याच चिकटपणावर चालते. बाहेरून आलेलं बायोटिन त्यात घुसलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसू शकतो, म्हणजे डोस जास्त झाल्यासारखं चित्र. डोस उगाच कमी होतो, केस आणखी गळतात आणि माणूस केसांच्या गोळ्या वाढवतो. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा आणि ते घेत असल्याचं लॅबला सांगा.

तपासणीच्या आधीचे सात दिवस वही पुन्हा रोज भरा, पहिल्या चौदा दिवसांसारखीच. मधल्या आठवड्यांत फक्त गोळीच्या टिका, वजन आणि ठरवलेलं एक काम.

रिपोर्ट उघडण्याआधी वही पूर्ण करा आणि बेरजा मारून ठेवा. टीएसएच ९ आलाय हे कळल्यावर सगळ्यांचाच थकवा दोन आकड्यांनी वाढतो, आणि २ आलाय म्हटल्यावर कमी होतो. त्यात खोटेपणा नाही, मनाची घडणच तशी.

## ७. तयार प्रश्नावल्या: वापरायच्या की नाही

थायरॉईडच्या रुग्णांसाठी डेन्मार्कमध्ये तयार झालेली 'थायप्रो' ही प्रश्नावली संशोधनात बरीच वापरतात. तिच्यात ८५ प्रश्न आणि १३ विभाग आहेत, थकव्यापासून रोजच्या कामापर्यंत आणि दिसण्याबद्दलच्या खंतीपर्यंत. छोटी आवृत्ती ३९ प्रश्नांची. मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारतात आणि विभागाचे गुण ० ते १०० मध्ये येतात, जास्त म्हणजे वाईट. जागतिक आरोग्य संघटनेची 'हूकॉल-ब्रेफ' २६ प्रश्नांची आहे, कुठल्याच एका आजाराची नाही. शरीर, मन, नातीगोती आणि भोवतालची परिस्थिती अशा चार भागांत मोजते.

घरच्या वापराला या दोन्ही जड आहेत. डॉक्टरांनी भरायला दिली तर मन लावून भरा, पण स्वतः गूगलवरून भाषांतर करून गुण काढू नका. प्रश्नावलीचं भाषांतर हे वेगळंच कसब आहे. एक शब्द हलला की गुण दुसऱ्या कुणाशी ताडता येत नाहीत. त्यापेक्षा खुंट्या मारलेली तुमची वही तुमच्या स्वतःशी ताडायला जास्त भरवशाची.

मनासाठी मात्र 'पीएचक्यू-९' जरूर भरा. नऊ प्रश्न, मागचे दोन आठवडे, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७ पैकी. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना तो कागदच दाखवा. यातले थकवा, झोप आणि लक्ष न लागणं हे प्रश्न थायरॉईडमुळेही वर जातात, म्हणून आकडा निदान नव्हे, पण बोलायला सुरुवात होते. नवव्या प्रश्नात जीव नकोसा होण्याबद्दल विचारलंय. त्याला शून्याशिवाय दुसरं काहीही उत्तर आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी आणि डॉक्टरांना सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

## ८. आकडे वाचताना लोक कुठे घसरतात

एका वेळी एकच बदल. डोस वाढला त्याच आठवड्यात गहू सोडला, जिम लावली आणि साखरेऐवजी गूळ सुरू केला, तर दोन महिन्यांनी बरं कशाने वाटलं ते देवच जाणे. कोबी-फ्लॉवरचं विचारतातच सगळे: शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नसते. त्याच्यापायी जेवणाचे हाल नकोत.

टीएसएच २.१ चा २.८ झाला यात वाचण्यासारखं काही नाही. एवढा फरक एकाच माणसात आपोआप पडतो. बेरजेचंही तसंच: फरक नेहमीच्या हेलकाव्याच्या बराच बाहेर गेला, आणि पुढच्या वेळीही तसाच राहिला, तरच तो बदल. वरच्या नमुन्यात ४६ चे ४३ झाले तर सोडून द्या. ३१ झाले तर काहीतरी हललंय.

टीएसएच नीट, बेरीज तशीच जास्त. असं होतं. गोळ्या घेणाऱ्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना आकडे नीट येऊनही त्रास राहतो. अशा वेळी डोस वाढवून मागण्याआधी दुसरीकडे बघा: हिमोग्लोबिन (बाईचं १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी), बी-१२, साखर, व्हिटॅमिन डी, आणि घोरणं. घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसाचा दुपारचा थकवा कुठल्याच थायरॉईडच्या गोळीने जात नाही. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं, आणि त्यानेही हाताला मुंग्या येतात.

उलटं चित्रही ओळखा. नाडी ७० ची ९५ झाली, हात थरथरतो, झोप उडाली, शौच पातळ होतंय, आणि तरी "आता कसं तरतरीत वाटतंय!" ही तरतरी डोस जास्त झाल्याची असू शकते. वयस्क माणसात जास्त झालेला डोस हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतो आणि हाडं ठिसूळ करू शकतो. थकव्याची बेरीज खाली आली म्हणून खूश होताना नाडीचा रकाना बघितल्याशिवाय पान उलटू नका.

## ९. डॉक्टरांपुढे अख्खी वही उघडू नका

ओपीडीत मागे रांग असते. पंधरा पानं कुणी वाचणार नाही. घरून एकच कागद तयार करून न्या, मोठ्या अक्षरात:

पहिली ओळ: डोस, कंपनी, कधीपासून, आठ आठवड्यांत किती फुल्या.
दुसरी: मागचा आणि आताचा टीएसएच, तारखांसह.
मग सहा लक्षणं, प्रत्येकासमोर दोन बेरजा: आधीची आणि आताची.
नाडी, वजन, कामाचा आकडा.
शेवटी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही.

"थकवा ४६ होता, ४४ आहे. शंभर विड्यांना लागणारा वेळ तेवढाच. गोळी एकदाही चुकली नाही, टीएसएच ३.२. मग आणखी काय तपासू?" एवढं बोलायला वीस सेकंद पुरतात, आणि याला "नॉर्मल आहे" हे उत्तर पुरत नाही.

## वहीची वाट बघायची नाही अशा वेळा

- दिवस राहिल्याचं कळलं की लगेच. गोळी बंद करायची नाही. गरोदरपणात औषधाची गरज बहुधा २५ ते ३० टक्क्यांनी वाढते आणि पहिल्या महिन्यांतच वाढते. त्याच आठवड्यात टीएसएच करून डॉक्टरांना भेटा.
- छातीत दुखणं, धाप लागणं, बसल्या जागी नाडी शंभराच्या वर राहणं किंवा ठोके अडखळत पडणं.
- वयस्क माणूस सारखा गुंगीत आहे, अंग गार लागतंय, हाक मारली तर उशिरा ओ देतो, विशेषतः गोळ्या बरेच दिवस बंद असतील किंवा अंगात ताप-संसर्ग असेल तर. १०८ ला फोन करा. ही थांबण्याची वेळ नव्हे.

## सगळं स्थिरावल्यावर

डोस ठरला, दोन तपासण्या नीट आल्या, की रोजची वही बंद करा. टीएसएच साधारण सहा महिने ते वर्षातून एकदा, डॉक्टर सांगतील तसा, आणि त्याच्या आधीचे सात दिवस वही. कालनिर्णयवरच्या टिका मात्र चालू ठेवा. एक काळजी घ्या: मे महिन्याची बेरीज मागच्या मे महिन्याशी ताडायची, जानेवारीशी नाही. बेचाळीस अंशांत धडधाकट माणसाचाही थकवा वर जातो. त्यासाठी तारखेशेजारी त्या दिवशीचं कमाल तापमान लिहून ठेवा. पेपरात असतं.